जीपमधली पट्टी

कन्हान

चि. मुग्धा हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

जीपमधली खाचा पाडलेली लाकडी पट्टी कशाची, हे तू विचारलेस आणि मला फार बरे वाटले. प्रश्न इंग्रजीत लिहिलास, ते मात्र खुपले. उत्तर मराठीतच वाच.

ज्या ओहायोत तू शिकतेस, तिथल्याच टोलेडो शहरच्या विलीज कारखान्यातली ही जीप महायुद्धात इकडे आली आणि लष्करी डिस्पोजलमधून, हातोहाती होत, तुझ्या आजोबांकडे पोहोचली. नदीपलीकडची कामठीची छावणी तर १८२१ पासूनची, त्यामुळे अशा गाड्यांचे आम्हांला अप्रूप नव्हते. साल स्मरत नाही; पण १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलचे दर भडकले होते आणि नेमका तेव्हाच, टाकी भरली तरी काटा तळ सोडीना.

मीटर बदला, असे मिस्त्री म्हणाला. खातरजमा केल्यावाचून जिन्नस बदलणे हा आजोबांचा शिरस्ताच नव्हता. किल्ली फिरवून टाकीवरची तार त्यांनी सोडवली आणि टाकीपासून दूर धरून पत्र्याला टेकवली. टेकवली की काटा एका टोकाला, उचलली की दुसऱ्या टोकाला. मीटर व तार निर्दोष ठरली. मग बॅटरी सोडवून टाकीतला फ्लोट बाहेर काढला, कानाशी हलवला, तर आत पेट्रोल खळखळले! सूक्ष्म छिद्रातून भरून तो तरंगण्याऐवजी बुडत होता.

नवा फ्लोट मिळेपर्यंतची तजवीज म्हणजे ही पट्टी. टाकी चालकाच्या गादीखालीच, सुमारे ५७ लिटरची. ती रिकामी करून आजोबा मापाने पाच-पाच लिटर ओतीत आणि पट्टी बुडवीत. पेट्रोलचा ओला काठ पाहता पाहता उडून जाई, म्हणून ती बाहेर येताच मी नखाने जागा धरायची आणि त्यांनी चाकूने खाच पाडायची. माझे नख थोडे सरकले, तर ते पुन्हा बुडवायला लावीत. पुढे काटा सुधारला, तरी रामटेकला निघण्यापूर्वी गादी उचलून ते पट्टीच प्रमाण मानीत.

तुम्हां मुलांना पडद्यावरचा आकडा पुरतो. उघडून पाहण्याची सवय सुटू देऊ नकोस. येशील तेव्हा जीप तुलाच चालवायला देईन. तिकडे थंडी फार आहे म्हणतात. गरम कपडे घालत जा, आणि आईला रविवारचा फोन चुकवू नकोस.

तुझा,
मामा