फुईचे कागद

जुनी माणसे आपले वय सालात सांगत नाहीत, प्रसंगात सांगतात. माझ्या फुईला वय विचारले की ती म्हणते, "बहात्तरना दुस्कायमा मनी थोरली मांडीवर व्हती." (फुई म्हणजे आत्या. हे घाटावरच्या वाचकांसाठी.) १९७२ च्या त्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडीत होती, पोरगी बाभळीला बांधलेल्या झोळीत असे आणि दुपारी सुकडी मिळे. यावरून हिशेब केला तर फुई आज सत्तरीच्या पुढे गेली, यात शंका नाही. पण आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९६३ आहे. म्हणजे मांडीवर लेकरू घेऊन ती खडी फोडीत होती तेव्हा सरकारी हिशेबाने ती नऊ वर्षांची होती!

हा विनोद आम्ही घरात पुष्कळ दिवस केला. २०२५ च्या मार्चात तिला वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन मिळते का ते पाहायला बसलो, तेव्हा त्यातला विनोद संपला. त्या योजनेला पासष्ट वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि फुई कागदावर बासष्टची होती.

फुई पारोळ्याजवळच्या एका खेड्यात एकटी राहते. जळगावाहून धुळ्याकडे जाताना एरंडोल मागे पडले की पारोळे लागते. तिच्याकडे पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात लुगड्याच्या घडीखाली तिचे सारे कागद. ती ट्रंक उघडून बसलो असताना मला धुळ्याच्या राजवाड्यांची आठवण झाली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे आणि पेटाऱ्यांतले कागद गोळा करीत. १९२६ साली ते धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ अजून तिथे त्या दप्तरांची राखण करीत आहे. त्यांना पेटाऱ्यात मराठ्यांचा इतिहास सापडे. मला सापडली वीजबिले, एका लग्नाची पत्रिका, फुवांच्या गिरणीचा बिल्ला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तीनदा गुंडाळलेले एक बँकेचे पासबुक. वयाचा कागद मात्र एकही नव्हता.

माझा पेशा मास्तरचा असल्यामुळे एक गोष्ट मला सुचली. फुई एकदा सहज म्हणाली होती, की माहेरच्या गावी बापाने तिला शाळेत घातले होते, पण "चार दिन गऊ". चार दिवस का होईना, नाव दाखल झाले असले तर ते शाळेच्या जनरल रजिस्टरात असणारच. शाळेच्या इमारती पडतात, मास्तर बदलतात, पण जनरल रजिस्टर सहसा कोणी टाकत नाही. मी त्या गावी गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून वही काढली. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली. १९६० सालचे पान निघाले. आपल्या जिल्ह्याला तोवर पूर्व खानदेशच म्हणत असत आणि शाळा लोकल बोर्डाची होती. त्या पानावर फुईचे माहेरचे नाव होते. जन्मतारीख १ जून १९५४. शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर.

आता ही एक जूनची तारीखही तिच्या आईला कोणी विचारून लिहिलेली नव्हती. त्या काळी जूनमध्ये शाळा उघडे आणि पहिलीत घ्यायला सहा वर्षे पुरी लागत, म्हणून आम्हां मास्तरांच्या पूर्वजांनी सरसकट एक जून मांडून टाकला. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली इतकी माणसे आहेत, की ब्रह्मदेवाला त्या दिवशी उसंत मिळाली नसावी. आधारवाल्या पोराने एक जानेवारी लिहिली आणि मास्तरने एक जून. पण मास्तरने निदान पोरीकडे पाहून साल अंदाजले होते. तेवढ्या अंदाजाने माझ्या फुईला नऊ वर्षे परत मिळाली.

पुढची खटपट सांगत बसत नाही. माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच बाईचे असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले, आधारातली तारीख दुरुस्त झाली. ही दुरुस्ती आयुष्यात एकदाच करून मिळते, म्हणून अर्ज मी तीनदा वाचून मगच दिला.

पासबुकाची गोष्ट निराळी. फुवा धुळ्याच्या एका सूतगिरणीत होते. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. गिरणी बंद पडली, पण कापलेल्या पैशांतून त्यांना निवृत्तिवेतन लागू झाले. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची. तिचा हिशेब असा, की सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. त्याआधीच्या वर्षांची भर वेगळ्या कोष्टकाने पडते. फुवांना महिन्याला नऊशे बसले. २००९ साली ते गेले आणि विधवेला निम्मे या नियमाने फुईला साडेचारशे सुरू झाले. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान रक्कम हजार ठरली, तेव्हापासून हजार. आज हजार रुपयांत काय येते ते वाचकांना मी सांगायला नको. पण फुई त्या पैशाला पेन्शन म्हणत नाही, "धनीना पगार" म्हणते. बँकेत जायच्या दिवशी धुतलेले लुगडे नेसते. वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर बोट ठेवायचे असते. खडी फोडलेल्या त्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत, यंत्र त्यांना ओळखत नाही, मग चार-चारदा पदराने पुसून बोट ठेवावे लागते. त्याबद्दल तिची तक्रार नाही. धन्याने कमावले, धनी देतो आहे. मधल्या यंत्राचा काय संबंध?

तिचे खरे अडले ते दुसऱ्या पैशापाशी.

त्या योजनेचे नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ ला गरीब वृद्धांसाठी महिन्याला ७५ रुपये सुरू केले होते. पुढे केंद्राचा वाटा २०० झाला आणि ऐंशीच्या वरच्यांना ५००. बाकीची भर राज्य घालते, आणि २०२३ पासून हातात १,५०० पडू लागले. अट अशी, की वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत हवे. फुईचे फुवांकडून येणारे बारा हजार त्यात बसत होते. राहता राहिला मुलगा.

फुईचा मुलगा सुरतेला आहे. खानदेशातली किती घरे आज सुरतेच्या उधना-लिंबायत भागात लूमवर उभी आहेत! तो बारा तासांची पाळी करतो, भाड्याच्या खोलीत राहतो, दोन मुले शिकवतो. आईला दिवाळीला आणि आखाजीला पैसे पाठवतो, जमले तर मधेही. वाईट मुलगा नव्हे.

तलाठी चौकशीला घरी आले. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे, पण गावात ते अजून तलाठी आप्पाच आहेत.) त्यांनी ओट्यावर बसून चहा घेतला आणि सहज विचारले, "माय, पोरगा पैसे पाठवतो का?"

फुई ताठ बसली. म्हणाली, "मना पोऱ्या दर महिनाले पाच हजार पाठवस."

पाच हजार गुणिले बारा म्हणजे साठ हजार. झाली योजना! मी फुईकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. शेजारणी दारात उभ्या होत्या. तलाठी आप्पा जुने, जाणते. त्यांनी लिहिण्यासाठी उघडलेले पेन पुन्हा बंद केले आणि "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणून उठले.

रात्री मी विषय काढला. फुई पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मना पोऱ्यानी माले टाकी दिन्हं, असं लिखू नको, बापू."

"फुई, तसे कोणी लिहीत नाही. पण योजनेचे नावच श्रावणबाळ आहे."

श्रावणाची गोष्ट तिने कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. ती थोडी हसली. "सरवन एकलाच व्हता, बापू. त्याले लेकरं नही व्हतात."

मी कादंबऱ्या लिहितो. मातृप्रेमावर पानेच्या पाने लिहिली आहेत. पण कावड खांद्यावर घेतलेल्या त्या मुलाला बायकापोरे असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सरकारलाही पडलेला दिसत नाही. पैसे द्यायचे ते मुलाला पेलत नाही म्हणून, आणि नाव द्यायचे आईबापांना वाहून नेणाऱ्या मुलाचे. ज्या कोणी हे नाव ठेवले त्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्या अर्जावर अंगठा उठवताना आईला काय वाटेल, हे त्याने एखाद्या आईला विचारायला हवे होते.

आता काम उरले ते एका वाक्याचे. खोटे लिहायचे नाही, कारण तो सरकारी कागद. आणि खरे असे लिहायचे, की ते वाचून दाखवले तर फुईची मान खाली जाऊ नये. "मुलगा सांभाळत नाही" हे खोटेच होते. "मुलगा दरमहा पाच हजार पाठवतो" हेही खोटे. कंदिलाऐवजी मोबाइलच्या उजेडात मी चार-पाच वाक्ये खोडली. शेवटी लिहिले: "मुलगा सुरतेस मजुरी करून स्वतःचे कुटुंब सांभाळतो. अर्जदारास सणावारी मदत करतो." फुईला वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "हा, हाई खरं शे." तलाठी आप्पांनी तेच शब्द अहवालात घेतले. माझे इतके लक्षपूर्वक ऐकलेले दुसरे वाक्य मला आठवत नाही.

पावसाळ्यात पहिले दीड हजार खात्यावर आले. पासबुकात आता दोन निरनिराळ्या ओळी उमटतात. त्यांतली धन्याची कोणती, एवढे ती दर वेळी कारकुनाला विचारून घेते. धन्याच्या हजारात तिचे पीठ-मीठ, गोळ्या. सरकारचे दीड हजार ती मोडत नाही. गणपतीत तिने गावातल्या एका पोराच्या फोनवरून सुरतेला दोन हजार पाठवायला लावले, नातवाच्या वह्यांसाठी. मला हे पंधरा दिवसांनी दुसऱ्याकडून कळले.

घरकुलाचे अजून काही नाही. घर मागायला मात्र ती बिलकुल लाजली नाही, कारण घर पोराच्या कामी येणारे! पंतप्रधान आवास योजनेच्या नव्या सर्वेक्षणात नाव नोंदले गेले आहे. मंजूर झाले तर १,२०,००० रुपये हप्त्याहप्त्याने मिळतील. पहिल्या हप्त्यात जोते उभे करायचे, त्याचा फोटो चढवायचा, मग पुढचा हप्ता. पण घराची जागा ग्रामपंचायतीच्या आठ-अ ला अजून फुवांच्या वडिलांच्या नावावर आहे. त्यांना चार मुलगे, दोन मुली, आणि त्यांची पोरे धुळे, अमळनेर, सुरत, पुणे अशी पांगलेली. सह्या गोळा करायला मी नाताळच्या सुटीत निघणार आहे. तोवर जुनेच धाबे. यंदाही मिरगाच्या आधी त्याच्यावर खारी माती टाकून घेतली. फुई खाली उभी राहून, कुठे पातळ पडली ते मजुराला काठीने दाखवीत होती.