कंबरेचेही नियोजन करा



मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी आली की माणसे दिवसभर ओणवी असतात. मग कंबर धरते. कुणी अंथरूण धरतो, कुणी पट्टा आवळतो. पण तीन महिन्यांवर रेंगाळलेल्या दुखण्यात जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पट्ट्याची शिफारस केली नाही. दुखणे समजून घ्या, अंग हलते ठेवा, असेच सांगितले.

ही समज आता मोबाइलवरही मिळते. सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टर घरबसल्या, विनामूल्य सल्ला देतात. कोणता व्यायाम करावा, ते त्यांना विचारा.

पण नुसते ऐकून भागत नाही. गावोगाव मी पीक-नियोजन सांगत आलो. तेच आज कंबरेसाठी सांगतो. ‘दुखणे जावे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘या आठवड्यात रोज दहा मिनिटे चालेन, पुढच्या आठवड्यात पंधरा, मग अर्धी पात काढीन’ हे उद्दिष्ट. ते वहीत लिहा. बरे वाटले म्हणून एकदम चार पाती ओढू नका. थोडे दुखले म्हणून झोपून राहू नका.

पाय बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा सोबत ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि वही घरच्या लक्ष्मीची असेल, तर तेवढे दिवस पाण्याचा हंडा गड्यांनी उचलावा.