धन्याचा मळा, आपला कारभार

आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात जमीन कुणाची असं विचारलं, तर जुनी माणसं सातबाऱ्यावरचं नाव सांगत. पीक कुणाचं असं विचारलं, की आभाळाकडे बोट करत. त्यांनी ईशज्ञानाची पुस्तकं वाचली नव्हती. पाऊस आपण पाडत नाही आणि कोंब आपण फोडत नाही, हे ती रोज डोळ्यांनी पाहत होती. त्यामुळे हातात आलेल्यातला काही भाग आपला नव्हेच, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नसे. देवाने दिलेल्या देणग्यांचा कारभार सांभाळणं हे ख्रिस्ती माणसाचं काम, असं आज आपण शिबिरांमधून ऐकतो. त्या पिढीने ते वाडीत करून दाखवलं.

वाडी म्हणजे आमचं सर्वस्व होतं. केळी, पानवेली, भाजी, मोगरा आणि चाफा. पहाटेच्या गाडीने टोपल्या मुंबईच्या बाजारात जायच्या, कुणाच्या दुधाच्या बरण्याही त्याच गाडीत असायच्या. आगाशीकडची सुकेळी तर दूरवर नावाजलेली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज हलवायची, रात्री झाकायची. घाई केली की माल बिघडला. या साऱ्या बागायतीचा जीव विहिरीवरच्या रहाटात होता. बैल गोल फिरायचा, लोट्यांची माळ पाणी भरून वर यायची, पन्हळीत रिकामी व्हायची आणि पुन्हा खाली जायची. पाटाच्या कडेला माझे आजोबा अनवाणी उभे असायचे. एका आळ्यात पाणी भरलं की पायाने माती सरकवून ते पुढच्या आळ्याकडे वळवायचं, हे त्यांचं काम. बैल दमला की रहाट थांबायचा आणि तेवढा वेळ विहिरीलाही विसावा मिळायचा. खालचे झरे पुन्हा भरून यायचे. किती पाणी घ्यायचं याची मर्यादा बैलाच्या श्वासाने ठरायची, आणि त्या मर्यादेत पिढ्यान्‌पिढ्या वाड्या हिरव्या राहिल्या.

पीक आलं की आधी वानवळा निघायचा. पहिली भाजी, पहिली पपई, केळीच्या पहिल्या घडातली एखादी फणी शेजारी जायची. शेजारी हिंदू असो की ख्रिस्ती, फरक नसे. भात तयार झालं की नव्या कणसांची जुडी चर्चमध्ये न्यायची, धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला की त्यातली एक कणी घरच्या खिरीत पडायची. घड चांगला पोसला तर तो चर्चच्या सणाला, मग तिथे त्याचा लिलाव. बोली लावणारे सगळे शेतकरीच; ज्याच्या स्वतःच्या वाडीत केळीच केळी, तोही चढी बोली लावायचा, कारण पैसे कुठल्या कामाला जाणार हे त्याला ठाऊक असायचं.

देण्यासाठी वाडीच हवी असंही नव्हतं. ज्याच्या हातात जे, ते त्याने द्यायचं. गवंडी चर्चच्या कुंपणाची भिंत बांधून द्यायचा, सुतार शाळेचे बाक दुरुस्त करायचा. हाड बसवणाऱ्याने रात्री-अपरात्री दार उघडलं नाही, असं कधी झालं नाही. चार बुकं शिकलेला माणूस ओटीवर बसून अख्ख्या आळीची पत्रं लिहायचा आणि आलेली वाचून दाखवायचा. लग्नघरी मांडव घालायला, तांदूळ निवडायला, पाणी भरायला बोलावणं धाडावं लागत नसे.

आमच्या आळीत एक बाय होती. तिला अक्षरओळख नव्हती. लवकर विधवा झालेली, घरात मोजकी भांडी. पण तिचा आवाज खणखणीत आणि सगळ्या प्रार्थना मुखोद्गत. मे महिन्यात संध्याकाळी गावच्या क्रुसापुढे मेणबत्त्या लागल्या की रोझरी सुरू करायची तिनेच. पोरं पेंगायला लागली की तिचा आवाज एक पट्टी वर जायचा. प्रार्थना संपली की ज्या घरची पाळी असेल ते उकडलेले चणे वाटायचे, आणि ती आपल्या वाट्याचे चणे पदराच्या टोकाला बांधून घरातल्या आजारी जावेसाठी न्यायची. आळीत कुणी शेवटचं आजारी असलं की उशाशी तीच बसायची. ओठ हलेनासे झालेल्या माणसाच्या वतीने ती प्रार्थना म्हणायची. तिच्यापाशी आवाज, स्मरणशक्ती आणि मोकळा वेळ एवढंच होतं. ते तिने शेवटपर्यंत वाटलं. तिच्या दफनाला तीन गावांची माणसं आली होती.

मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसाव्या अध्यायातला दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. धनी परदेशी जाताना तिघा चाकरांकडे पैसा सोपवून जातो. दोघे तो वाढवतात, तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो. चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, तरी धनी त्याच्यावर रागावतो. आमच्या शेतकऱ्यांना या गोष्टीचा अर्थ पटकन कळे. पुरलेलं बियाणं उगवतं, पुरलेलं नाणं उगवत नाही.

हा दाखला आपल्या मातीतल्या दोघांनी कसा जगला ते पाहण्यासारखं आहे. संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे, सोळाव्या शतकातले. ते धर्मगुरू नव्हते. जपानात राहून ते तिथली भाषा शिकले, पुढे व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. मिशनऱ्यांना जपानात जायचं होतं तेव्हा त्यांची ती भाषा कामी आली. ते दुभाषे म्हणून गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला इतर सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. व्यापारात नफ्यासाठी वापरता येणारी भाषा त्यांनी देवाच्या कामाला लावली.

दुसरे मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस. वसईचा शेतकरी सावकाराच्या व्याजात रुतलेला होता. वाडी पिकायची आणि पीक व्याजात जायचं. मोनीस यांनी १९१८ साली लोकांची पतसंस्था उभी केली. तीच आजची बसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक. व्यवहारज्ञान हीसुद्धा देवाची देणगी असू शकते आणि हिशेबाच्या वहीतूनही शेजाऱ्यावर प्रीती करता येते, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

आता आजचं पाहू. रहाट गेले, इंजिनं आली, मग विजेचे पंप आले. इंजिन दमत नाही. विहिरी अहोरात्र उपसल्या गेल्या आणि समुद्राकाठच्या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या जागी खारं पाणी शिरलं. पानवेली करपल्या. १९८०च्या दशकाच्या शेवटाला हा पट्टा बांधकामांना मोकळा करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीने रस्त्यावर उतरून लढा दिला. त्या लढ्याचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू, पण लेखणीचे धनी. 'सुवार्ता' मासिकातून त्यांनी वसईतल्या आणि बाहेरच्या मराठी वाचकांशी वर्षानुवर्षं संवाद केला, 'सुबोध बायबल' सिद्ध केलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. पाणी, झाडं आणि भाषा या तिन्ही देणग्यांची राखण त्यांनी एकाच श्रद्धेने केली.

तरीही बांधकामं झालीच. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, २००९ मध्ये महानगरपालिका आली. आमची मुलं शिकली. शिक्षक तर आमच्यात आधीपासूनच पुष्कळ होते. आता परिचारिका, अभियंते, बँकेतले अधिकारी, संगणकवाले घरोघरी आहेत. कुणी आखातात, कुणी कॅनडात. पैसा आला आणि पैशाबरोबर देण्याची रीत बदलली. पाकीट येतं, त्यावर कुटुंबाचं नाव असतं, आत नोट घातली की कर्तव्य पुरं झालं असं वाटतं. आता तर मोबाईलवरूनही देणगी पाठवता येते. त्या पैशावर शाळा चालतात, गरिबांची औषधं येतात, म्हणून त्याला कमी लेखू नये. पण पाकीट आलं तसा माणूस यायचा थांबला, ही गोष्ट मला सलते. चर्चचं कुंपण पडलं तर आता कंत्राटदार येतो. आजाऱ्याच्या उशाशी पगारी बाई असते. शेजारी कोण राहतं हे चौथ्या मजल्यावर ठाऊक नसतं, मग वानवळा पाठवणार कुठे?

जुन्या काळाचे गोडवे गाताना त्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि सामान्य माणूस बाकावर बसून जपमाळ ओढायचा. गावकऱ्यांनी राबायचं आणि निर्णय फादरांनी घ्यायचे, अशी वहिवाट होती. आमच्या त्या बायला मिस्सामध्ये वाचन करायला कुणी वेदीजवळ बोलावलं नसतं, तिला वाचता येत असतं तरीही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही दारं उघडली. मिस्सा मराठीत आली. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ख्रिस्तसभेच्या कामात वाटा आहे, हे परिषदेने ठामपणे सांगितलं. आज आमच्या मुली-सुना वेदीजवळ उभ्या राहून वचन वाचतात, कम्युनियन वाटतात, धर्मग्रामाच्या मंडळात हिशेब विचारतात. देण्याजोग्या देणग्या आज तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि त्या देण्याचे मार्गही मोकळे आहेत.

काही जण त्या मार्गाने चाललेले मी पाहतो. आमच्या धर्मग्रामातल्या एक निवृत्त परिचारिका रविवारच्या मिस्सानंतर पोर्चमध्ये टेबल मांडून बसतात. रक्तदाब मोजतात, गोळ्या वेळेवर घेता का हे म्हाताऱ्यांना दरडावून विचारतात आणि आकडा वहीत लिहून ठेवतात. त्यांच्या बाजूला बँकेतला एक तरुण विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून देतो, आधार कार्ड कुठे जोडायचं ते दाखवतो. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, वीज नव्हती, गाड्या बंद होत्या, तेव्हा एरवी मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात म्हणून ज्यांना आपण बोलतो त्याच पोरांनी त्या मोबाईलवर याद्या केल्या, कुठल्या इमारतीत दूध हवं, कुठे औषध हवं ते शोधलं आणि छातीभर पाण्यातून पोचवलं. पत्र लिहून देणाऱ्या माणसाचा आणि हाड बसवणाऱ्याचा वारसा तोच आहे.

पाण्याचंही तसंच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढून पृथ्वीला आपलं सामायिक घर म्हटलं. आमच्या आजोबांना ते परिपत्रक वाचायची गरज पडली नसती, नातवंडांना आहे. बैलाचा श्वास आता मर्यादा घालून देणार नाही. ती आपली आपण घालायची. इमारतीच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी जुन्या विहिरीत सोडलं, उरलेली बावखलं, म्हणजे आपली जुनी तळी, बुजू दिली नाहीत, तर तोही देवाच्या मळ्याचाच कारभार आहे.

वाडी परत येणार नाही, आणि ती येण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. देणारा मात्र तोच आहे आणि हिशेबही तोच विचारणार आहे. म्हणून वाचकहो, एक विनंती. येत्या रविवारी पाकिटाबरोबर एक चिठ्ठी फादरांकडे द्या. त्यावर तुमचं नाव, तुम्हाला काय येतं आणि आठवड्यातला कुठला एक तास तुम्ही देऊ शकता, एवढंच लिहा. गणित शिकवता येतं, वायरिंग करता येतं, स्वयंपाक येतो, व्हायोलिन येतं, निमूटपणे आजाऱ्याजवळ बसता येतं. यातलं काहीही चालेल. काहीच येत नाही असा माणूस देवाने अजून घडवलेला नाही.