ओटीवरचे पाहुणे

आमच्या लहानपणी बाणकोट खाडीकाठच्या गावांत येणारा प्रत्येक पाहुणा कुणाचा तरी कोणी असे. हरिहरेश्वराकडून यायचं तर तरीने खाडी ओलांडायची, मंडणगडकडून यायचं तर लाल डब्यातून धूळ खात. ओटीवर टेकल्याबरोबर पाय धुवायला पाणी मिळे, मग तांब्या-पेला आणि वाटीत गुळाचा खडा. त्यानंतर आजी विचारी, "कोणाकडचे तुम्ही?" तिथून गाडी आजोळावर जाई, आत्याच्या सासरावर जाई, कुणाच्या तरी मुंजीत भेट झाल्याचं निघे. नातं सापडेपर्यंत चहा होऊन जाई आणि नातं सापडेच. मुक्काम किती दिवसांचा, हे विचारणं असभ्यपणाचं होतं.

आज याच खाडीकाठच्या पट्ट्यातल्या वेळासला पाहुणा मोटार फेरीबोटीवर चढवून येतो. माणशी दर फोनवर ठरलेला असतो, जेवणात किती शाकाहारी हेही कळवलेलं असतं. तो पुण्याचा किंवा ठाण्याचा आहे, एवढं घरच्यांना पुरतं. रविवारी दुपारी पैसे देऊन तो निघतो आणि त्याची गादी पुढच्या शनिवारसाठी उन्हात पडते. त्याचं आजोळ कुठलं, हे शेवटपर्यंत कुणाला कळत नाही. आम्हाला याची हळहळ वाटते आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

पण त्या जुन्या ओटीकडे नीट बघायला हवं. "कोणाकडचे तुम्ही?" या प्रश्नातूनच जात कळून येई. ओटीवर कोण बसेल, पडवीत कोण थांबेल आणि अंगणातूनच कोण परत फिरेल, हे त्या उत्तरावर ठरे. अवचित आलेल्या चार माणसांचा स्वयंपाक चुलीच्या धुरात कुणी केला आणि ती बाई किती वाजता जेवली, याची चौकशी मात्र कुणी करत नसे. आज त्याच घरातली सून पाहुण्यांसाठी मोदक वळते तेव्हा त्याचे पैसे तिच्या हातात येतात. पैसे देणाऱ्याचं आडनाव विचारून त्याचं ताट बाहेर मांडायची वेळ येत नाही. हा बदल लहान नाही.

आणि आजचे पाहुणे ज्या कासवांसाठी येतात, त्यांचं तेव्हा काय होत होतं? थंडी पडली की ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येत. वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभरावर अंडी घालत, वाळू लोटून परत जात. पहाटे वाळूवर त्यांच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग दिसे. जाणती माणसं त्या मागावरून जाऊन काठी खुपसत. काठी भसकन आत गेली की तिथेच उकरायचं. काही अंडी घरी शिजत, काही विकली जात, उरलेल्यांवर कुत्री आणि कोल्हे. 1972च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला पहिल्या अनुसूचीत बसवलं, पण तो कागद वाळूपर्यंत पोचलेला नव्हता. देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला आम्ही वाकून हात लावत होतो. किनाऱ्यावरच्या जिवंत कासवाशी त्या नमस्काराचा संबंध आहे, असं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

ते सांगणारी माणसं 2002मध्ये आली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी हिंडत असताना त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. त्यांनी अंडी काढणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून हाकललं नाही. गावाला बरोबर घेतलं आणि वाळूतला माग ओळखण्याची गावातली विद्याच रक्षणाच्या कामी लावली. म्हणून हे काम टिकलं, असं मला वाटतं. आता कासवांची राखण करणारा गावातला कासवमित्र अंधार असतानाच किनारा चालत जातो. घरटं सापडलं की अंडी अलगद उचलतो आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतो. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची, पिल्लं असली तर समुद्राच्या दिशेने वाळूवर सोडायची. 2006पासून हे पाहायला बाहेरच्यांना बोलावलं जाऊ लागलं आणि कासव महोत्सव सुरू झाला. उतरायला हॉटेल नव्हतं म्हणून घरं उघडली गेली. हॉटेल नव्हतं, हेच गावाच्या पथ्यावर पडलं.

आमच्या वेळी किनाऱ्यावर पहाटे अंडी उकरणाऱ्यांखेरीज कुणी नसे. मादी आली, गेली, पिल्लं निघाली, कुणी बघितलं नाही. आता दोरीच्या अलीकडे माणसांची रांग उभी असते, लेकरं खांद्यावर, फोन वर धरलेले. टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू असली की मागून आवाज येतो, "आम्ही एवढ्या लांबून आलो." पिल्लू आपल्या वेळेला येतं, हे त्या माणसाला समजावताना गावातल्या मुलांचा घसा बसतो. पण त्याच रांगेतली एखादी मुलगी चार बोटांएवढं पिल्लू पहिल्या लाटेने उलटं पडून पुन्हा निघालेलं बघते आणि गप्प होते. असं बघण्याची संधी आम्हाला गावात राहूनही मिळाली नाही.

तेव्हाचा काळोख मात्र मला खरोखर हवा आहे. कंदील घेऊन मागीलदारी जावं लागे, पायाखाली विंचू असण्याची भीती असे, आजारी माणसाला रात्री डॉक्टर मिळत नसे. त्या काळोखाचं कौतुक करणं म्हणजे त्या हालांचं कौतुक करणं, हे कळतं. तरीही अंड्यातून निघालेलं पिल्लू जिकडे उजेड तिकडे वळतं आणि रात्रीचा समुद्र काळ्या जमिनीपेक्षा उजळ असतो, एवढ्या भरवशावर ते चालतं. किनाऱ्यालगत दिवे लागले की ते गावाकडे वळतं. आमच्या गरिबीने जो काळोख फुकट राखला, तो आता ठरवून राखावा लागतो.

जानेवारी 2022मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला आणि तिला 'प्रथमा' नाव दिलं. अंडी घालून गेलेली मादी पुढे कुठे जाते, हा प्रश्न आमच्या काळात कुणाच्या मनातही आला नव्हता. पाहुण्यांच्या पैशाचा आधारही आमच्या काळात नव्हता. 2020च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पोफळीला पुन्हा उत्पन्न द्यायला वर्षं लागतात. अशा वेळी हंगामातल्या चार पाहुण्यांचे पैसे काय असतात, ते वाडी गेलेल्या घरालाच माहीत.

आता बाणकोट खाडीवरच्या पुलाची वाट पाहणं चालू आहे. तरीसाठी उन्हात ताटकळलेली आमची पिढी पुलाला नको म्हणणार नाही. आजारी माणूस वेळेत पलीकडे जाईल, मुलं कॉलेजला जातील. पण पूल झाला की पाहुणा पहाटे येऊन पिल्लं बघून दुपारी घरी परतू शकेल आणि मुक्कामाला गादी लागणार नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनीला बाहेरून गिऱ्हाईक येईल, तिथे बांधकाम होईल, रात्रभर दिवे जळतील. गावाने घरं उघडली ती पाहुणा रात्री राहतो या भरवशावर, आणि कासवमित्राला पहाटे उठवणारं कारणही त्यातच गुंतलेलं आहे. पुलाचं काम पूर्ण होण्याआधी किनाऱ्यालगतच्या जागेचं आणि दिव्यांचं काय करायचं, हे ग्रामसभेत ठरायला हवं. जमिनी विकल्या गेल्यावर ते ठरवायला गावाच्या हातात काही उरणार नाही.