खिळे कुणाच्या बाजूला?

मी कुत्र्यांना शिकवते. यिशुनमध्ये कुणाच्या घरी नवा कुत्रा आला की मला फोन येतो, आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, "ताई, पट्टा कोणता घेऊ?" बिछाना, भांडी, खाणे हे सगळे नंतर. मला या प्रश्नाचे महत्त्व पटते. कुत्र्याच्या अंगावर जी एकच वस्तू माणूस रोज घालतो, ती ही. तिच्यातूनच आपला हात त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून फोनवर मी कुठल्याही पट्ट्याचे नाव सांगत नाही. कुत्रा बघायला जाते आणि आधी त्याची मान बघते.

यिशुन हा सिंगापूरच्या उत्तरेचा भाग. इथले बहुतेक लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, उंच इमारतींमध्ये राहतात. एका घरात एक कुत्रा, आणि तोही ठरवून दिलेल्या छोट्या जातींपैकी, असा नियम आहे. म्हणून लिफ्टमध्ये टॉय पूडल, शिह त्झू, पॉमेरेनियन हेच जास्त भेटतात. पण २०१२ पासून 'प्रोजेक्ट अडोर' या योजनेखाली मध्यम आकाराचे स्थानिक मिश्र जातीचे कुत्रेही या घरांत आले. लोक त्यांना प्रेमाने 'सिंगापूर स्पेशल' म्हणतात. आधी उंची पन्नास सेंटिमीटर आणि वजन पंधरा किलो अशी मर्यादा होती. २०२० मध्ये उंचीची मर्यादा पंचावन्न सेंटिमीटर झाली आणि वजनाची अट गेली. दत्तक घेणाऱ्यांना कुत्र्याला प्राथमिक शिस्तीचे शिक्षण द्यावेच लागते. माझ्याकडची बरीच कुत्री या वाटेने येतात. कुणी कारखान्यांच्या वसाहतीत जन्मलेले, कुणी बांधकामावर, कुणी झाडीत. त्यांनी लिफ्ट पाहिलेली नसते आणि गळ्याला काही बांधलेलेही नसते. असा कुत्रा एके दिवशी अकराव्या मजल्यावर राहायला येतो.

त्याची मान मी बोटांनी चाचपते. पुढच्या बाजूला, कातडीच्या अगदी जवळ, श्वासनलिका. तिच्या दोन्ही अंगांना थायरॉइड ग्रंथी, डोक्याकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मागे मणके. कुत्र्याची मान दणकट दिसते, पण या सगळ्यावर हाडाचे कवच नाही. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ पडून नळी दबण्याचा आजार पुष्कळ आढळतो. दोरी ताणली की असा कुत्रा हंसासारखा आवाज काढत खोकतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की पट्ट्याने मान ओढली गेली तर डोळ्यातला दाब वाढतो, छातीला हार्नेस असेल तर तसा वाढत नाही. मोठ्या, बाहेर आलेल्या डोळ्यांचा पग किंवा शिह त्झू घरात असेल, तर फिरायला नेताना दोरी छातीलाच बांधा, असे मी सांगते. गळ्यातल्या पट्ट्यावर फक्त फोन नंबरचा बिल्ला राहू द्यावा.

सिंगापूर स्पेशलची अडचण वेगळी. त्याला ओढण्यापेक्षा मागे सरकणे जास्त जमते. लिफ्टचे दार उघडले की तो मागच्या पायांवर बसतो, डोके खाली घालतो आणि साध्या पट्ट्यातून अलगद बाहेर पडतो. खाली वाहता रस्ता असतो. अशा कुत्र्याला मार्टिंगेल पट्टा हवा. त्यात दोन कड्या असतात. मोठी मानेभोवती, छोटी दोरीला. दोरी ताणली की छोटी कडी मोठीला आवळते, पण ठरलेल्या मापापर्यंतच. डोके सुटत नाही आणि गळाही आवळला जात नाही. हा पट्टा प्रथम ग्रेहाउंडांसाठी रूढ झाला, कारण त्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. आपल्याकडच्या कारवान आणि पश्मी कुत्र्यांची ठेवणही तीच. सोलापूर-मुधोळच्या बाजूला ज्यांनी हे कुत्रे पाळले आहेत, त्यांना साध्या पट्ट्यातून निसटणारे ते निमुळते डोके चांगले ठाऊक असते. मार्टिंगेलचे माप घेताना दोरी पूर्ण ताणावी. पट्टा कानांमागे मानेला लगटून बसावा आणि मोठ्या कडीच्या दोन टोकांमध्ये दोन बोटांचे अंतर उरावे. ते अंतर उरले नाही तर पट्टा सैल आहे. घाबरट कुत्र्याला मी दोन जागी बांधते. एक दोरी हार्नेसला, एक मार्टिंगेलला. ऑगस्टमध्ये राष्ट्रदिनाचे फटाके वाजतात आणि वर्षभर कधीही ढग गडगडतात, तेव्हा ही दुसरी दोरी उपयोगी पडते.

हार्नेस म्हणजे आपोआप सुख, असेही नाही. छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्याची हालचाल अडवतो, काखेत घासतो. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा घ्यावा, आणि कुत्रा चालताना बाजूने वाकून बघावे की पाय पूर्ण पुढे येतो का. तोंडावरून जाणारा हॉल्टर मोठ्या, जोरकस कुत्र्याला वृद्ध माणूस फिरवत असेल तर उपयोगाचा. पण त्याची सवय हळूहळू लावावी लागते आणि त्याला झटका कधीही देऊ नये. डोके एकदम वळले तर मानेचे मणके दुखावतात.

आता ज्या पट्ट्यांबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात त्यांच्याकडे येते. आवळणारी साखळी, आतल्या बाजूला धातूचे दाते असलेला प्राँग, आणि विजेचा झटका देणारा पट्टा. यांच्यामागे विचारांची एक जुनी परंपरा आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये लिहिलेले पुस्तक पोलिस आणि सैन्याच्या कुत्र्यांसाठी प्रमाण ठरले. अमेरिकेत १९६२ मध्ये विल्यम कोहलर यांची पद्धत घराघरांत गेली. चूक झाली की साखळीचा झटका द्यायचा, चूक थांबली की साखळी सैल सोडायची. त्रास टळावा म्हणून कुत्रा शिकतो. तो शिकतो, हे मी नाकारत नाही. पण नेमके काय शिकतो, याकडे मला बारकाईने बघावेसे वाटते.

एका मराठी कुटुंबाकडे मी शिकवायला जात होते. घरात साताऱ्याकडून आलेल्या आजी होत्या. आधीच्या कुणा प्रशिक्षकाने दिलेला प्राँग टेबलावर पडला होता. आजींनी तो उचलला, उलटसुलट केला आणि मला म्हणाल्या, "आगं पोरी, ह्ये उलटं झालंय की! खिळं भाईर पायजेत."

त्यांच्या डोळ्यांसमोर मेंढपाळाचा कुत्रा होता. खिळ्यांचा पट्टा खरोखरच फार जुना आहे. रोमन लेखक व्हारो यांनी इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात कळपाच्या कुत्र्याचा पट्टा कसा असावा ते सांगितले आहे. भक्कम कातड्याचा, डोकी असलेले खिळे ठोकलेला, आणि खिळ्यांच्या डोक्यांखाली मऊ कातडे शिवलेला. लोखंड कुत्र्याच्या मानेला लागू नये म्हणून. टोके लांडग्याकडे, मऊपणा कुत्र्याकडे. हिमालयातले मेंढपाळ बिबट्यापासून वाचवण्यासाठी आपल्या कुत्र्यांना असेच पट्टे घालतात. आणि २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला, माणसांनीच बिबट्याच्या भीतीने गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली. गळा ही किती नाजूक जागा आहे, हे ज्याला बिबट्याची भीती आहे त्याला सांगावे लागत नाही. दोन हजार वर्षे पट्टा करणाऱ्याने खिळे बाहेर ठेवले, कारण कुत्रा आपल्या बाजूचा होता. ते आत वळवायचे, तर आधी कुत्र्याला पलीकडच्या बाजूला उभे करावे लागते.

आणि इमारतीच्या वऱ्हांड्यात तर आत वळवलेल्या खिळ्यांची किंमत फार चढते. लिफ्टचे दार उघडते. शेजारच्या बाई लहान मुलाला घेऊन बाहेर येतात. कुत्रा पुढे झेपावतो, मालक प्राँगला झटका देतो, मानेला टोचते. मालकाच्या मते कुत्र्याने शिकायचे होते, 'झेपावू नको'. कुत्र्याच्या बाजूने घटनाक्रम असा आहे: मूल दिसले, मान दुखली. चार वेळा असे झाले की तो मुलाकडे बघून गुरगुरू लागतो. मग मालक म्हणतो, कुत्रा बिघडला. विजेच्या पट्ट्याने हीच गडबड आणखी जोरात होते, कारण झटका कुठून आला हे कुत्र्याला कळतच नाही. त्या क्षणी जे दिसले, ज्याचा वास आला, त्याच्या नावावर तो दुखणे लिहून टाकतो.

हे माझ्या अनुभवापुरते राहिलेले नाही. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी सात प्रशिक्षण शाळांतल्या ब्याण्णव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या शाळांत दुखवणाऱ्या पद्धती जास्त होत्या, तिथल्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे जास्त दिसली, शिकवणीनंतर लाळेतले कॉर्टिसॉल जास्त वाढले. अनोळखी जागी ठेवलेल्या वाडग्यात खाणे असेल की नसेल, अशा परीक्षेतही ही कुत्री अधिक निराशेने वागली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या संशोधकांनी कृत्रिम मानेवर निरनिराळे पट्टे ओढून दाब मोजला. दोरी ताणली तर एकही पट्टा मानेला पूर्ण सुरक्षित ठरला नाही, साधा रुंद पट्टासुद्धा. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. चांगला पट्टा विकत घेतला म्हणून मालकाचे काम संपत नाही. दोरी ताणलीच जाऊ नये, हे शिकवणे उरतेच.

ते मी असे शिकवते. पहिल्या दिवशी पट्टा जमिनीवर ठेवते आणि त्याच्या शेजारी उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. कुत्रा पट्टा हुंगतो, खातो. मग पट्ट्याचे वेटोळे हातात धरते, तुकडा पलीकडे. खायला त्याला स्वतःच डोके आत घालावे लागते. बक्कल अजून लावायचे नाही. तो आपणहून डोके घालू लागला की लावायचे, खाऊ घालायचे, काढायचे. यानंतर 'पट्टा धरू दे'चा खेळ. पट्ट्याला बोट लावले की तुकडा, धरला की तुकडा, हलके आपल्याकडे घेतले की मोठा तुकडा. संकटाच्या वेळी माणसाचा हात आधी पट्ट्याकडे जातो. त्या हाताला कुत्रा बिचकला तर चावतो किंवा पळतो. म्हणून हा खेळ मी घरातल्या प्रत्येकाला खेळायला लावते.

त्यानंतर खाली, व्हॉइड डेकवर. इमारतीखालची ही मोकळी, खांबांची जागा सकाळी लवकर शांत असते. कुत्रा माझ्या गुडघ्याजवळ असला आणि दोरीला झोळ असला, की तुकडा. दोरी ताणली की मी थांबते. झटका नाही, ओढाओढ नाही. तो वळून बघतो, झोळ परत येतो, आम्ही निघतो. पुढे जायला मिळणे हेच त्याचे बक्षीस होते. हे जमले की लिफ्टची लॉबी, मग यिशुन तळ्याभोवतीची वाट, आणि अगदी शेवटी लोअर सेलेटार जलाशयाची बाजू. दर टप्प्यावर गर्दी आणि वास वाढतात, म्हणून दर टप्प्यावर मी सोपे मागते आणि जास्त देते.

भुंकण्यावरचे पट्टे हा इमारतीतल्या लोकांचा खरा मोह आहे, आणि तो मला समजतो. शेजाऱ्याची तक्रार आली की कुत्रा घरात राहील की नाही, याचीच भीती वाटते. पण भुंकण्याला कारण असते. एकटेपणा, दाराबाहेरची पावले, कंटाळा. फवारा मारणारा किंवा झटका देणारा पट्टा फक्त आवाज दाबतो आणि कारण आतच राहते. मी आधी कारण शोधते. मग आम्ही दाराच्या जाळीला पडदा लावतो, पावलांच्या आवाजावर खाऊ देतो, एकटे राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवतो. वेळ लागतो. त्या काळात शेजाऱ्यांना भेटून "आम्ही शिकवतोय" असे सांगणेही माझ्या कामात धरते. बहुतेक शेजारी ऐकतात.

इथली हवा वर्षभर दमट. कातड्याचा पट्टा ओला राहतो, त्याखाली केस गळतात, त्वचा लाल होते, गोचिडी लपतात. म्हणून पाणी न शोषणारा पट्टा बरा. घरी आल्यावर तो काढावा, मान पुसावी, बोटांनी चाचपावी. पिल्लाचे माप दर आठवड्याला तपासावे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

सिंगापूरच्या उद्यान मंडळाने, म्हणजे एनपार्क्सने, प्राणिसंस्था आणि प्रशिक्षकांना बरोबर घेऊन श्वानप्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. त्यांचा कल बक्षिसाने शिकवण्याकडे आहे. वेल्सने तर २०१० मध्येच विजेच्या पट्ट्याच्या वापरावर बंदी घातली. माझे म्हणणे याहून पुढचे आहे. आत टोचणारे आणि झटका देणारे पट्टे कुठल्याच दुकानात असू नयेत. तोपर्यंत निवड प्रत्येक घराच्या हातात आहे, आणि ती करताना एकच गोष्ट विचारावी: हा पट्टा कुत्र्याला दुखवून काम करतो का? करत असेल, तर तो कितीही गाजलेल्या प्रशिक्षकाने दिलेला असो, परत करावा. कुत्र्याला शिकवायचे आहे ते आपण शिकवावे, आपल्या वेळाने आणि आपल्या हाताने. पट्ट्याने फक्त त्याला रस्त्यापासून वाचवावे आणि हरवला तर घरी आणावे.