चिखल्यांची जबानी

उभी हयात नगर जिल्ह्यात परिचारिकेची चाकरी केलेली आणि माझ्या प्रत्येक रहस्यकथेचे हस्तलिखित मुद्रकाआधी वाचणारी माझी आत्या गेल्या चैत्रात निवर्तली, आणि तेव्हापासून हिवरे बाजारात घडणारी माझी कादंबरी शेवटच्या प्रकरणाशी अडून बसली आहे.

त्या गावात खून घडविण्याचे मला प्रयोजन नव्हते. जेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, बोअरचे पाणी शेतीला लावण्यास मनाई आहे, ऊस-केळी वर्ज्य आहेत आणि पर्जन्य अपुरा झाल्यास कोणते पीक घ्यायचे नाही याचाही ठराव होतो, तेथे रात्री चोरून उपसलेले पाणी हाच रक्तपाताहून गंभीर गुन्हा होय. भर वैशाखात, शिवार कोरडे ठणठणीत असताना, एक गृहस्थ माझ्या नायिकेकडे, गावच्या आरोग्यसेविकेकडे, मलम मागायला येतो. करंगळीच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून भिजल्या कागदासारखी सुटलेली, खाली लाल, ओली चीर. चिखल्या! पायात बूट नाहीत, घाम कोंडण्याचा प्रश्न नाही. म्हणजे हा मनुष्य रात्रीमागून रात्री दाऱ्यावर उभा राहून पाणी देतो आहे.

येथवर सारे सुरळीत आहे. पुढे मात्र तिने करावे काय? सर्व संशयितांना एकत्र बसवून उलगडा करण्याचे प्रकरण मला फार प्रिय. ते लिहिताना वाचकांची वाहवा मला आगाऊ ऐकू येते, ही माझी अहंता मी लपवीत नाही. येथे तर ग्रामसभा आयतीच होती. आत्याने ते प्रकरण वाचून कागद खाली ठेवले. "अरे, तो पाय दाखवायला आला होता, जबानी द्यायला नव्हे."

मग मी विहिरीला साक्षीदार केले : सेविका पाय विसरते आणि पाण्याची पातळी सायंकाळी व पहाटे मोजण्याची नुसती सूचना करते. परंतु तिला विहीर आठवली ती त्या पायामुळेच. तेव्हा बोट विहिरीकडे दाखविले तरी गुपित रुग्णाचेच फुटते. ती गप्प बसली, तर खालच्या विहिरीवर जगणाऱ्यांचे पाणी जाते. हा पेच आत्यानेही सोडविला नव्हता.

वैद्यकीचे ज्ञान रहस्यकथेला नवे नाही. कॉनन डॉयलने आपले गुरू डॉ. जोसेफ बेल यांची रुग्णपारखी नजर होम्सला दिली. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धातील औषधालयात शिकलेले विषांचे ज्ञान 1920 सालच्या पहिल्याच कादंबरीत वापरले. पण हल्लीच्या मालिकांतील डॉक्टर रुग्णाचे कागद बेधडक फौजदारापुढे टाकतात आणि त्याला चातुर्य म्हटले जाते, हा मला या कलेचा ऱ्हास वाटतो. वैद्यकी जाणणारा शोधक घ्यायचा आणि त्याच्या व्यवसायाचे बंधन तेवढे टाळायचे, हे सचोटीचे लेखन नव्हे.

आरोग्य उपकेंद्रात काम केलेल्या ज्या भगिनी हे वाचतील, त्यांनी अशा वेळी आपण काय केले असते ते मला अवश्य लिहून कळवावे. तोवर ते प्रकरण छापखान्यात जाणार नाही.