क्योटो : खिशातल्या खेळाचे माहेर

क्योटो म्हटले, की प्राचीन मंदिरे, बांबूची बने आणि किमोनो नेसलेल्या स्त्रिया डोळ्यांसमोर येतात. पण जपानच्या या जुन्या राजधानीची आणखी एक ओळख आहे. हातात मावणारा व्हिडिओ गेम इथेच लहानाचा मोठा झाला.

फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली या शहरात 'हानाफुदा', म्हणजे फुलापानांची चित्रे असलेले पत्ते बनवायला सुरुवात केली. तोच उद्योग पुढे निन्टेन्डो कंपनी म्हणून नावारूपाला आला. कागीयाचो भागातल्या तिच्या जुन्या इमारतीत २०२२ साली 'मारुफुकुरो' हे हॉटेल सुरू झाले.

पत्त्यांकडून यंत्राकडे नेणारा माणूस म्हणजे कंपनीतले गुनपेई योकोई. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ काढताना त्यांना दिसला. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' आणि १९८९ साली 'गेम बॉय' आला.

गेम बॉयचा पडदा हिरवट, छटा अवघ्या चार आणि पडद्यामागे दिवाही नाही. खेळायचे तर उजेडाशी बसावे लागे. रंगीत पडदा करणे तेव्हाही शक्य होते. सेगाचा रंगीत 'गेम गिअर' १९९० साली आलाही, पण त्याचे सहा सेल काही तासांतच संपत. गेम बॉयचे चार पेन्सिल सेल दहा तासांहून अधिक टिकत. जुने, स्वस्त झालेले तंत्र नव्या कल्पनेने वापरावे, हे योकोईंचे सूत्र होते. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

या खेळाची गोडी साधेपणातच आहे. गाडी डुलते आहे, स्टेशन लांब आहे आणि 'टेट्रिस'च्या विटा वरून उतरत आहेत! १९९०च्या दशकात आपल्याकडे अनेक मुलांच्या हातात दिसणारा 'ब्रिक गेम' याच खेळाचा भाईबंद. शिवाय एका वायरने दोन यंत्रे जोडली, की शेजारचा मुलगा सवंगडी होई. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा छंद होता. त्यातून सुचलेल्या 'पोकेमॉन'मध्ये १९९६ पासून मुले याच वायरीने प्राण्यांची अदलाबदल करू लागली. ना जाहिराती, ना मधेच येणारे निरोप. बटण बंद केले, की खेळ संपला. मोबाइल सतत हाका मारत असताना ही मोकळीक फार मोलाची वाटते.

क्योटोच्या दक्षिणेला, हिरव्या चहासाठी प्रसिद्ध असलेल्या उजी शहरात ऑक्टोबर २०२४ मध्ये निन्टेन्डो संग्रहालय उघडले. ओगुरा स्टेशनपासून ते चालत जाण्याइतके जवळ आहे. ही इमारत म्हणजे कंपनीचा जुना कारखाना. पूर्वी इथे पत्तेही तयार होत. तिकिटे आगाऊ, मुख्यतः सोडतीने मिळतात. म्हणून बेत बराच आधी आखावा. जाताना आजीआजोबांनाही न्यावे. वेगळे शुल्क भरून इथे हानाफुदा पत्ते स्वतःच्या हाताने बनवता येतात. नातवंडे यंत्रांत रमतील, तेव्हा पत्त्यांचा डाव आजोबांच्या हाती असेल!